पत्रात नसलेलं

आईबापांनी नाव ठेवलं युप्लूस,
म्हणजे ज्याचा जलप्रवास सुखाचा होतो तो.
जन्म गेला पायपिटीत.

इफिसच्या वेशीपासून लावदिकीयापर्यंत
सहा दिवस. वहाण तुटली तर सात.
पत्र छातीशी, मेणकापडात,
त्यावर लोकरीचा पट्टा, त्यावर घाम.
मला अक्षर येत नाही.
म्हणूनच मला धाडत असतील.
वाटेत कुणी धरलं, बडवलं,
तरी माझ्या तोंडून पत्र कसं निघणार?

रंगाऱ्यांची गल्ली अंधारातही वासानं सापडते.
तीन थापा, मग एक, मग खोकायचं.
खोकला त्या वेळी खराच होता.

अम्मियानं आधी काही विचारलं नाही,
पाय धुतले माझे.
कोपरापर्यंत मंजिष्ठेनं माखलेले हात तिचे,
परातीतलं पाणी तांबडं झालं
आणि मी दचकून तळवे तपासले.
हसली. "रंग आहे रे, बाबा."

चौदा माणसं, एक दिवा.
मालकाच्या पोरांना शिकवणारा गुलाम दिओगास
पत्र वाचायला उभा राहिला.
दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा
फक्त मधला भाग,
कारण म्हातारा इमान तेव्हा लघवीला गेला होता.
कुठल्या ओळीला कोण डोळे पुसतं
ते मी ध्यानात ठेवत होतो,
तुरुंगात परतून सांगायला.

मग भाकर मोडली, आणि सगळे माझ्याकडे वळले.
अजून दाढ ठणकते का त्याची?
साखळी उजव्या पायाला की डाव्या?
पहारेकरी तोच का, कांदा खाणारा?
आमची नावं घेतो का रे?
घेतो, म्हटलं. रोज पहाटे.
क्रम चुकतो कधी कधी.
ज्याचं नाव मागे पडतं
त्याचं दोनदा घेतो.

अम्मिया शेवटी बोलली.
"कांबळं पोचलं?"

या प्रश्नासाठी सहा दिवस
मी एक खोटं घडवत आलो होतो.
चांगलं जमलं होतं ते.
पण ते लाल हात समोर होते, भाकरीचा तुकडा धरलेले.

पोचलं, म्हटलं. तीन रात्री पांघरलं त्यानं.
मग शेजारच्या एका चोराला दिलं.
गाढवं चोरायचा, लुदियाकडचा कुणी,
तापानं फणफणत होता.
त्यातच गेला. त्यातच पुरला.

"गाढवं चोरणाऱ्याला?"
कुणी हललं नाही.
"सहा महिने, युप्लूस.
काळ्या मेंढ्यांच्या या दरीत
पांढरी लोकर शोधत फिरले मी."
मग जरा थांबून,
"रंग उतरला होता का?"
नाही.
"घामानंसुद्धा?"
मातीत ठेवला तेव्हाही तसाच होता, अम्मिया.

ती उठून आत गेली.
भांडी आदळल्याचा आवाज आला.
कुणीतरी दबक्या सुरात प्रार्थना सुरू केली
तर आतून ती ओरडली,
"हळू म्हणा! मुळ्या मोजतेय मी."

पहाटे पाहिलं तर चुलाणं पेटलेलं,
कढईवर वाफ, आणि ती काठीनं ढवळत
कुणाशी तरी भांडत होती.
प्रभूशी असावं. मी मध्ये पडलो नाही.

वाळायला दोन दिवस लागणार होते,
माझ्याकडे एकच होता.
ओलंच टाकलं खांद्यावर.
"त्याला सांग," ती म्हणाली,
"हेही तू देऊन टाकशील ते ठाऊक आहे मला.
म्हणून दोघांपुरतं केलंय."

जकातनाक्यावर शिपायानं भाला आडवा धरला.
माझ्या मागे वाटभर लाल थेंब पडत आले होते.
"कुणाला मारलंस?"
मी पाठ वळवून दाखवली.
त्यानं बोट लावलं, हुंगलं,
चिमटीत लोकर धरून पाहिली जरा वेळ,
जाडी बघावी तशी,
आणि विचारलं, कितीला देणार?